गाडीला वाटतं ती अमेरिकेत आहे

मागचा डावा दिवा बंद आहे. (दिवा लखलखीत चालू होता.)

*

आलुबुखारे दीड किलो. बिया काढून उभे चिरायचे आणि पिठाच्या थरावर कौलांसारखे ओळीने लावायचे. साखर भट्टीतून काढल्यावर घालायची. आधी घातली तर रस सुटतो आणि सगळं बसकण मारतं.

*

पिनकोड ४४६४९, वाने-आयकेल. रूडिगर सोबोटा. केबल आहे, लॅपटॉप आहे, वेळ आहे. शनिवारी कबुतरांच्या शर्यती असतात, तेव्हा फोन करू नये.

*

"आई, उद्या दहा वाजता. ठरलंय ते ठरलंय. टॉ."

*

खालच्या पट्टीत गाणाऱ्या चार बायका एका गाडीत बसल्या की मागची काच आतून धुरकट होते.

*

मिलवॉकी हे शहर मिशिगन सरोवराच्या काठावर आहे.

*

त्या बुधवारी दुपारी दोन वाजता मला यातलं फक्त तिसरं ठाऊक होतं, कारण ते मीच लिहिलंय.

आमची एक यादी आहे. इंटरनेटवर, पिनकोडप्रमाणे लावलेली. जुन्या गाडीत कुणी काही नवं बसवलं आणि गाडीने ते घरात घ्यायला नकार दिला, की माणसं ही यादी उघडतात आणि जवळचा केबलवाला शोधतात. केबलचं एक टोक गाडीच्या स्टिअरिंगखाली, दुसरं लॅपटॉपमध्ये. मग आम्ही गाडीची समजूत घालतो. पैसे घेत नाही. केक चालतो, बियरचा क्रेट चालतो. एकाने मला जिवंत ससा आणून दिला होता, तो अजून आहे.

मी एकतीस वर्षं खाणीत इलेक्ट्रिशियन होतो. खाण बंद झाली. हाताला तारांची सवय राहिली.

आदल्या दिवशी फोनवर बाईंचा आवाज होता. "सोबोटा का? यादीतले? मी हन्नेलोरे प्शिबिला. मागचे दिवे बदलल्यापासून माझी गाडी माझ्यावर विश्वास ठेवत नाहीये."

"कोणती गाडी?"

"कॉम्बी, लांब डिकीची. दोन हजार नऊची. मी एकाहत्तर वर्षांची. आमच्यात बरी अवस्था कुणाची, हे तुम्ही येऊन ठरवा."

*

भेटलो तुनजायच्या टपरीमागच्या अंगणात. तुनजाय पेपर, सिगारेट, पाव, बियर आणि सल्ले विकतो, सल्ले फुकट. तो हन्नेबाईंना आब्ला म्हणतो, म्हणजे ताई. दिवे त्यानेच त्यांच्याबरोबर बसवले होते, तेही वीस मिनिटांत. डिकीच्या आतलं झाकण काढायचं, प्लास्टिकचा मोठा पेच हाताने फिरवायचा, जुना दिवा मागे ओढायचा, नवा सरकवायचा. नवे म्हणजे याच मॉडेलच्या पुढच्या सालातले, एलईडीचे, कुणाच्या तरी भंगारात निघालेल्या गाडीवरून आलेले, पण आरशासारखे स्वच्छ. त्यावर मंजुरीचा ठसाही होता. दिव्यांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती गाडीची.

"बघ ना रूडी," तुनजाय म्हणाला, "म्हाताऱ्याला नवी कवळी बसवल्यासारखी दिसतेय की नाही?"

"चावता येतंय ना?" हन्नेबाई म्हणाल्या. "मग झालं. तू कॉफी आण."

मी चावी फिरवली. काट्यांच्या मधल्या छोट्या पडद्यावर लगेच पिवळ्या अक्षरांत: मागचा डावा दिवा बंद आहे. मागचा उजवा दिवा बंद आहे. ब्रेकचा दिवा बंद आहे. मी उतरून मागे गेलो. सगळे दिवे दिवाणखान्यातल्या झुंबरासारखे पेटलेले.

याचं कारण सोपं आहे. साधा बल्ब खादाड असतो, एलईडी पक्ष्याएवढं खातो. जुनी गाडी मोजते ते फक्त किती खाल्लं एवढंच. ताट जवळपास भरलेलं परत आलं की तिला वाटतं, जेवणारा मेला. शिवाय दिवे बंद असतानाही ती मधूनमधून तारेत एक बारीक झटका सोडून बघते, डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तसा. बल्बला तो कळतही नाही. एलईडी मात्र दचकतो आणि लुकलुकतो.

"म्हणजे गाडीला सांगायचं की हे वेगळे पाहुणे आहेत," हन्नेबाई म्हणाल्या.

"एवढंच."

"उद्या दहाच्या आत."

"दहाला काय आहे?"

तुनजाय कॉफी घेऊन आला होता. त्याने आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाईंनी सांगितलं.

दहाला गाडीची सरकारी तपासणी होती. दर दोन वर्षांनी होते तीच. पास झाली तर नंबरप्लेटवर नवा गोल स्टिकर. बाईंचा मुलगा टॉर्बेन, वय चव्वेचाळीस, विमा कंपनीत काम, गेल्या नोव्हेंबरात धुक्यात आईच्या मागून गाडी चालवत होता. घरी पोचल्यावर म्हणाला, आई, तू मागून दिसतच नाहीस, आता बास कर. तेव्हापासून रोज फोन. शेवटी करार झाला. गाडी पहिल्याच फेरीत पास झाली, तर टॉर्बेन दोन वर्षं या विषयावर तोंड उघडणार नाही. नाही झाली, तर चावी टॉर्बेनच्या खिशात.

"आणि तुम्ही कबूल झालात?"

"कबूल काय, मीच सुचवलं. रोज पिठाच्या हाताने फोन घेऊन कंटाळले होते."

"नापास झाली तरी महिन्याभरात दुरुस्त करून परत दाखवता येते की."

"करारात 'पहिल्याच फेरीत' आहे. लेखी आहे. विमा कंपनीचा माणूस तो."

गाडी गेली तर काय जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही, तुनजायने सांगितलं. मंगळवारी बुअरला गाण्याची तालीम असते. ती साडेनऊला संपते, परतीची शेवटची सोयीची बस पावणेनऊला. चौघी जणी आब्लाच्या गाडीने जातात. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एकीला रस्ता ओलांडायची भीती वाटते. "गाडी गेली की तालीम गेली," तुनजाय म्हणाला, "आणि तालीम गेली की या चौघी येऊन माझ्या टपरीसमोर गाणार. माझ्यावर दया कर रूडी."

*

गाडीच्या मधल्या पेटीत, म्हणजे तिच्या मेंदूत, तीस जोड्या असतात. आकडे आणि अक्षरं. प्रत्येक जोडीत आठ बारीक खटके. कुठला दिवा कसा, कुणाला तपासायचं, कुणाला सोडून द्यायचं, सगळं त्या खटक्यांत.

माझा एकच नियम आहे आणि तो मी प्रत्येकाला ऐकवतो: बदलायच्या आधी जुनं उतरवून ठेवा. माझा लॅपटॉप जुना, त्यातला प्रोग्रॅम त्याहून जुना, तो स्वतःहून काही जपत नाही. हा नियम मी लोकांना लेखी पाठवतो. ठळक अक्षरांत.

आदल्या रात्रीच मला आमच्या केबलवाल्यांच्या मंडळाच्या पानावर एक सुंदर पोस्ट सापडली होती. हीच गाडी, हेच साल, हेच दिवे, आणि खाली तीसच्या तीस जोड्या. लिहिणारा आपलाच, चांगलं शुद्ध जर्मन लिहिणारा. म्हटलं, खटके मोजत कोण बसतंय. आख्खी ओळ उचलावी आणि टाकावी.

"रूडी," तुनजायने विचारलं, "आजवर किती गाड्या केल्यास रे?"

"दोनशे बारा," मी म्हणालो, आणि 'बारा' म्हणता म्हणता बटण दाबलं.

पडद्यावरचे सगळे पिवळे इशारे गेले. एकदम शांत. तुनजायने टाळ्या वाजवल्या. मी मान जरा लववली.

*

"डावा इंडिकेटर!" मी आत बसून ओरडलो. हन्नेबाई गाडीमागे बियरच्या उलट्या क्रेटवर बसल्या होत्या.

"लाल!"

"लाल नाही, पिवळा म्हणा."

"लाल आहे."

"बाई, नीट बघा. उन्हामुळे—"

"सोबोटासाहेब, मी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये अडतीस वर्षं होते. लाल आणि पिवळा वेगळा ओळखण्याचाच पगार घेतलाय मी. लाल!"

"उजवा?"

"लाल!"

"धुक्याचा दिवा?"

"काळा!"

"काळा कसा?"

"म्हणजे नाहीच!"

"पुढे मी बघतो!" तुनजाय धावत पुढे गेला. "रूडी, पुढचे इंडिकेटर लावून ठेवलेत का तू? दोन्ही पिवळे जळतायत. नुसते जळतायत, उघडमीट नाही!"

मी उतरलो. मागे ब्रेकचाच लाल दिवा इंडिकेटर म्हणून उघडमीट करत होता. शेजारचा पिवळा तुकडा, जो यासाठीच बनवलाय, झोपलेला. असे दिवे मी पाहिले होते, पण फक्त अमेरिकन सिनेमात, पाठलागाच्या वेळी.

तुनजायने माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तो वाचतो सगळं, बारीक अक्षरातलंसुद्धा. टपरीवाल्याला वेळ असतो. "रूडी. तुझा हा शुद्ध जर्मन लिहिणारा राहतो कुठे, पाहिलंस?"

"कुठे?"

"कोपऱ्यात लिहिलंय. मिलवॉकी."

गाडी उघडमीट करत राहिली, लाल.

"म्हणजे," हन्नेबाई सावकाश म्हणाल्या, "हिला वाटतंय ती अमेरिकेत आहे?"

"हो."

"मी हिला कधी हॉलंडलासुद्धा नेलेलं नाही."

*

नेमका तेव्हा टॉर्बेन आला. विजेवर चालणारी गाडी, आवाज नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. उंच, सभ्य, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. त्याने गाडीला एक चक्कर मारली.

"आई, डावीकडे वळताना ब्रेक लागतोय का?"

"नाही."

"मग लाल का?"

"फॅशन आहे," तुनजाय म्हणाला. "मिलवॉकीत."

टॉर्बेन हसला नाही, पण चिडलाही नाही, आणि तेच वाईट होतं. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, हट्ट सोड. मी तुझ्यासाठी बसच्या पासची चौकशी केलीय. ज्येष्ठांना पुढची सीट मिळते."

"केक खातोस?"

"साखर सोडलीय."

"मग उद्या दहाला ये. उपाशीपोटी ये."

तो गेला. बाई क्रेटवर बसून राहिल्या. त्या गाडीकडे पाहत नव्हत्या, स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या, आणि मला खाणीच्या फाटकाशी शेवटच्या दिवशी उभं राहिल्यासारखं झालं.

"प्शिबिलाबाई," मी म्हणालो, "एक सांगायचंय. मी जुनं उतरवून ठेवलं नाही."

"काय जुनं?"

"जुन्या तीस जोड्या. त्या असत्या तर पाच मिनिटांत परत जर्मनीत आलो असतो. आता मला ठाऊक नाही तुमच्या गाडीत आधी काय होतं. सीटबेल्ट, वायपर, मागची काच गरम करणं, सगळं त्यातच असतं. लोकांना मी ठळक अक्षरांत लिहून पाठवतो आणि स्वतः—"

"ते होय," बाई म्हणाल्या, आणि पर्समधून वही काढली.

*

१४:०४. सोबोटा आले. बूट स्वच्छ.

१४:१०. केबल जोडली.

१४:१२. पडद्यावर तीस जोड्या दिसल्या, खालीलप्रमाणे.

(इथे तीस जोड्या, पाच-पाचच्या सहा ओळींत, प्रत्येक शून्यावर तिरकी रेघ, म्हणजे ते अक्षर समजलं जाऊ नये.)

१४:२९. तुनजायने प्रश्न विचारला. सोबोटांनी बढाई मारली.

१४:२९. बटण दाबलं.

१४:३१. लाल.

*

"तुम्ही हे कधी लिहिलंत?"

"दिसलं तेव्हा. केबिनमध्ये कुणी काही हलवणार असेल तर आधी कसं होतं ते नोंदवायचं. न नोंदवता हलवलं तर माणूस घरी. हात आपोआप लिहितो, मी त्याला विचारत नाही."

"पण सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हीही लिहिलं असेल. दोनशे बारा गाड्या म्हणालात."

तुनजाय इतका हसला की त्याला गाडीच्या टपाला धरून उभं राहावं लागलं. मग मीही. बाई शेवटी हसल्या, पण एकदा लागल्यावर थांबेनात, खालच्या पट्टीत, पोटातून. डोळे पुसत म्हणाल्या, "चल, आता मला हन्ने म्हण. मी मोठी आहे, मीच म्हणायला हवं. ज्याच्या फजितीची नोंद आपल्या वहीत आहे, त्याला अहो-जाहो कसलं."

"मी रूडी."

"ठाऊक आहे. वहीत आहे."

*

दुसऱ्या खेपेला काम तिच्या पद्धतीने झालं. आधी जुन्या तीस जोड्या जशाच्या तशा परत. गाडी मायदेशी आली, सगळे पिवळे इशारे कुरकुरत परतले, आणि आम्हाला ते बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. मग एकेक खटका. आणि प्रत्येक खटका दोनदा बोलायचा, कारण केबिनमध्ये तसंच असतं.

"डावा मागचा, बल्बऐवजी एलईडी," मी म्हणायचो.

"परत सांगते: डावा मागचा, बल्बऐवजी एलईडी. बरोबर?"

"बरोबर."

"मग हलव."

"हलवलं."

"पेटला. नोंदवला. पुढे."

असं बावीस वेळा. तुनजायचं गिऱ्हाईक खोळंबलं, तर गिऱ्हाईकच अंगणात येऊन उभं राहिलं आणि "परत सांगते" म्हणू लागलं. इंडिकेटर पिवळा झाला तेव्हा सिगारेट घ्यायला आलेल्या एका अनोळखी प्लंबरने टोपी काढली.

धुक्याचा दिवा लागला. ब्रेक लागला. पडदा गप्प. उरली फक्त ती लुकलुक, बंद दिव्यांतली, आणि चार वाजताच्या उन्हात ती दिसणार कशी?

"उद्या तपासणीच्या शेडमध्ये अंधार असतो," हन्ने म्हणाली. "तिथे दिसेल. आपल्यालाच आधी दिसायला हवी."

तुनजायने घरातून गालिचा आणला. आईचा, लाल-निळा, वजनदार. तो गाडीच्या मागच्या अंगावर टाकला, कडा जमिनीपर्यंत सोडल्या, आणि हन्ने गुडघ्यावर बसून त्याखाली शिरली. बाहेर फक्त तिच्या चपला.

"दिसतंय का?" मी विचारलं.

गालिच्यातून आवाज आला. "लुकलुकतोय. उजवा. दर सेकंदाला दचकतोय बिचारा."

"झटका बंद करतो. उजवा मागचा, बंद असताना तपासणी नाही."

"परत सांगते: उजवा मागचा, बंद असताना तपासणी नाही. हलव. पण लवकर, इथे डांबरगोळ्यांचा वास येतोय."

"हलवलं."

बाहेरच्या चपला जराशा सरकल्या.

"हन्ने?"

"श्श. बघतेय."

"आणि?"

"शांत आहे. दोन्ही. अगदी अंधार आहे, रूडी. काय सुंदर अंधार आहे!"

ती बाहेर आली तेव्हा केस सगळे उभे राहिले होते आणि कपाळावर गालिच्याची नक्षी उमटली होती. मग केक कापला. साखर वरून, आत्ताच घातलेली. मी तीन तुकडे खाल्ले, प्लंबरने चार.

*

तपासणी केंद्रातल्या बाई क्युनाप्फेल कमी बोलतात. हातात बॅटरी, कानामागे पेन्सिल. त्यांनी दिव्यांवरचा ठसा वाचला, अंगठ्याने पुसून परत वाचला. टायर. ब्रेकचा पट्टा. खाली जाऊन गंज शोधला आणि जरा नाराज होऊन वर आल्या, कारण मिळाला नाही.

"आता दिवे. कुणीतरी आत बसा."

हन्ने पुढे झाली, पण टॉर्बेन म्हणाला, "मी बसतो." त्याला वाटलं असावं, आपण बसलो म्हणजे सगळं चोख होईल. तो बसला. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले.

"डावा इंडिकेटर," क्युनाप्फेलबाई मागून म्हणाल्या.

टॉर्बेनच्या गाडीत असल्या गोष्टी बोटाच्या टोकाने होतात. इथे दोन दांडे होते. त्याने उजवा धरला आणि समोर जोरात ढकलला. गाडीच्या मागच्या काचेवरच्या नळीतून, जिचं अस्तित्व मीही विसरलो होतो, साबणाच्या पाण्याची एक बारीक, उंच, फार देखणी कमान निघाली आणि क्युनाप्फेलबाईंच्या चष्म्यावर उतरली. वायपरने इकडून तिकडे एक हात हलवला.

मी मनात म्हटलं, संपलं.

क्युनाप्फेलबाईंनी चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, घातला. "मागचा वायपर आणि पाणी: चालू," त्या म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. "डावा इंडिकेटर. दुसरा दांडा, तरुण माणसा."

"डावा इंडिकेटर," हन्ने शेजारी उभी राहून पुटपुटली. "परत सांगते, डावा इंडिकेटर."

पिवळा.

उजवा, पिवळा. ब्रेक, लाल, तिन्ही. रिव्हर्स, पांढरा. धुक्याचा दिवा, डावीकडे, एकच, जाड लाल. मग त्यांनी सांगितलं, सगळं बंद करा, आणि शेडच्या अंधारात त्या दिव्यांपाशी वाकून थांबल्या. किती थांबल्या ते हन्नेच्या वहीत आहे: चौदा सेकंद. त्या चौदा सेकंदांत हन्नेने माझं मनगट असं धरलं होतं की तिथे चार बोटं संध्याकाळपर्यंत दिसत होती.

"सुरेख बसवलेत," क्युनाप्फेलबाई म्हणाल्या. "कुणी केलं?"

"आम्ही," हन्ने म्हणाली.

"असे दिवे लोक आणतात आणि मग गाडी ख्रिसमसच्या झाडासारखी लुकलुकत असते. हे गप्प आहेत." त्यांनी छोट्या खरडणीने जुना केशरी स्टिकर काढला, जागा पुसली, आणि नवा पिवळा अंगठ्याने दाबून बसवला. हन्ने तोवर नंबरप्लेटसमोर उकिडवी बसली होती, बाळाचे कान टोचताना आया बसतात तशी.

बाहेर उन्हात टॉर्बेन आईसमोर उभा राहिला. त्याने तोंड उघडलं.

"दोन वर्षं," हन्ने म्हणाली.

त्याने तोंड मिटलं. मग परत उघडलं. "मी वेगळंच विचारणार होतो. केक उरलाय का?"

"प्लंबरने संपवला. मंगळवारी तालमीला ये, तेव्हा करीन. मागच्या सीटवर मधे बसावं लागेल, खालच्या पट्टीत गाणाऱ्या आमच्या दोघींच्या मधे."

"आई, मी माझ्या गाडीने—"

"मधे," हन्ने म्हणाली आणि गाडीत बसली. तिने आरसा नीट केला, डावा इंडिकेटर दिला, आणि कुणी मागून येत नसतानाही तो पूर्ण सात वेळा उघडमीट होऊ दिला. मग निघाली. टॉर्बेन आणि मी फूटपाथवर उभे राहून ती वळणापर्यंत पाहत राहिलो. तो हळूच गुणगुणत होता, आणि तेही खालच्या पट्टीत.

१९९९ साली टॉर्बेन गाडी चालवायच्या परीक्षेत तिसऱ्या फेरीत पास झाला.